तिच्या तोंडी घातलेलं वाक्य

गल्लीत धूरवाले येऊन गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर किवीच्या टोपल्या लागतात. धुराने डास मरतात की नुसते लालबागहून परळला पळतात, देव जाणे. पण किवीवाल्यांना वर्दी बरोबर पोचते. डेंग्यू झाला की किवी खायची हे आपल्याकडे कोणी ठरवलं, तेही देवच जाणे. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर असतं, डांबराला चप्पल चिकटते, नवरात्राच्या मंडपातले भोंगे घसा साफ करत असतात आणि आत आमच्या कॉरिडॉरमध्ये खाटेला खाट लागलेली असते. प्रत्येक खाटेशी एक सलाईनचा स्टँड, एक पेंगुळलेला नातेवाईक आणि उशीखाली पपईच्या पानांच्या रसाची हिरवीगार बाटली. डॉक्टरांना दिसली तर ओरडा बसतो, म्हणून लपवलेली. हा आमचा तापाचा सीझन. बाकीचे लोक दिवाळीची वाट बघतात, आम्ही दिवाळीनंतरच्या थंडीची.

माझा या सीझनवर राग आहे. डास मारताना मी जितक्या जोरात टाळी वाजवते तितक्या जोरात वाजवायची गरज नसते, हे मला कळतं. तळहात लाल होतात. चार वर्षं झाली, तरी कुठे लोखंडी स्टँड फरशीवर आडवा झाला की माझं अंग टेबलाखाली शिरायला बघतं, आणि वय पन्नासच्या पुढे असल्यामुळे तिथे नीट मावतही नाही.

मी या हॉस्पिटलच्या जनसंपर्क खात्यात आहे. खातं म्हणजे मी, एक टेबल, आणि मनाला येईल तेव्हा चालणारा प्रिंटर. परवा गल्लीत धूर सोडून गेले, खिडकीतून तो रॉकेलसारखा वास आत आला, घसा धरला, आणि नेमकी त्याच वेळी तन्वी आली. तन्वी आमच्या एचआरमध्ये नवीन लागलेली मुलगी, हुशार आहे, बोलायला गोड आहे.

"राणे मॅडम, स्टाफ ग्रुपवर सगळं किती निगेटिव्ह चाललंय ना! आपण काइंडनेस स्टोरीज सुरू करूया का? मी जुन्या फाइल्स बघितल्या. तुमचं ते सदर होतं, 'ओंजळ'. ते बंद का केलं?"

मी म्हटलं, "झालं बंद."

"त्यातली ती सिस्टरची स्टोरी! ज्याने मारलं त्याचाच हात धरून बसलेली. वाचताना रडले मी. तीच पहिली टाकूया ना परत?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बिचारीचा काही दोष नव्हता. ती चार वर्षांपूर्वी कुठल्यातरी कॉलेजात असाइनमेंट करत असणार. "आधी जिची गोष्ट तिला विचारते," एवढंच मी बोलले, आणि ती गेल्यावर खिडकी लावून घेतली.

चांगुलपणाची गोष्ट कशी सांगायची हे मी लालबागच्या चाळीत शिकले. माझे वडील गिरणीत होते. संपाच्या दिवसांत एकदा ते डोकं फुटून घरी आले. शर्टाची कॉलर रक्ताने कडक झाली होती. आईने हळद दाबली, आम्ही भावंडं कोपऱ्यात उभी, आणि वडील काय सांगत होते, तर एका अनोळखी माणसाने त्यांना फुटपाथवर बसवलं, स्वतःचा रुमाल फाडून डोक्याला बांधला आणि पाणी पाजलं. "पाणी दिल्यान माका. खयचो कोण, देवाक ठावक. देवमाणूस." पुढची तीस वर्षं ते हीच गोष्ट सांगत राहिले. पाहुण्यांना सांगितली, जावयांना सांगितली. आई प्रत्येक वेळी आतून भांडं आपटायची. "आणि टकली फोडल्यान तो खयचो, ता पण सांगा मां पोरांका!" वडील ऐकू न आल्यासारखं करायचे. डोकं फोडणारा आमच्याच मजल्यावर दोन खोल्या सोडून राहायचा. ज्या सायकलच्या चेनने मारलं ती त्याच्या घरात खिळ्याला टांगलेली असायची, आम्ही येता-जाता बघायचो. त्याच्या मुलीबरोबर मी लगोरी खेळले आहे.

मला तेव्हा वडील फार मोठे वाटायचे आणि आई कजाग. आता या वयात मला आईचं भांडं ऐकू येतं. पण नोकरीला लागले तेव्हा माझ्या अंगात वडीलच होते. 'ओंजळ' हे सदर मी सुरू केलं तेही त्यांच्याच चालीवर. महिन्याचा चार पानी अंक निघायचा, त्याच्या शेवटच्या पानावर स्टाफपैकी कोणाच्या तरी माणुसकीची गोष्ट. सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर ती माइकवरून वाचायची आणि मग हजेरीच्या मशीनशेजारी चिकटवायची. पंधरा वर्षं हे चाललं. नियम माझा मीच केलेला: दोष कोणाला द्यायचा नाही, कडू भाग गाळायचा, आणि शेवटचं वाक्य त्या माणसाच्या तोंडी असलं पाहिजे.

आता हे शेवटचं वाक्य कोणी बोलत नसतं. माणसं चांगलं वागतात तेव्हा त्यांना बोलायला सुचत नाही. बबनमामा म्हणून आमचे वॉर्डबॉय होते. त्यांनी एका बेवारस आजोबांची रोज दाढी केली, नखं कापली. मी विचारलं, मामा, काय वाटतं? तर म्हणाले, पाय दुखतात. मी लिहिलं, "त्यांच्या चेहऱ्यात मला माझे वडील दिसतात." छापून आल्यावर मामा कागद घेऊन टेबलाशी आले, दात काढत. "म्याडम, हे मी बोललो? बराच हुशार आहे की मी!" आणि तोच कागद त्यांनी काचेत घालून घरी लावला. सगळ्यांचं असंच. मी त्यांना आधी वाचून दाखवायची, ते लाजायचे, हसायचे, सही करायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. आपण वाक्य देतो आणि माणूस त्या वाक्याएवढा होतो, असा माझा समज होता, आणि त्या समजाचा मला गर्वही होता.

भारती सिस्टरची गोष्ट लिहिली त्या महिन्यात मी ती वाचून दाखवायला गेले नाही.

भारती शीव कोळीवाड्याची. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो, तेव्हापासून अगं-तुगं. आवाज मोठा, चालणं जोरात, पेशंटला दटावून गोळी गिळायला लावणारी. तिची आई तेव्हा दादरला मासळी विकायला बसायची, आणि आईचा तो बाजारातला आवाज मुलीकडे जसाच्या तसा आला होता. तिच्या वॉर्डात नातेवाईक कुजबुजत बोलायचे.

त्या दिवशी नवरात्रातला पिवळा रंग होता. ऑफिसातल्या आम्ही सगळ्या पिवळ्या साड्यांत. दुपारचे चार, भेटीची वेळ. मी दुसऱ्या मजल्यावरच्या तापाच्या वॉर्डात फोटो काढायला गेले होते. एक आयाबाई म्हाताऱ्या पेशंटला पेज भरवत होत्या, पुढच्या 'ओंजळी'साठी छान होतं. पलीकडच्या खाटेवर एकोणीस वर्षांची मुलगी होती, चार दिवस झाले होते. तिचा भाऊ राकेश चारही दिवस तिथेच, खाटेखाली वर्तमानपत्र टाकून झोपायचा. अँटॉप हिलहून आलेला, सव्वीस-सत्तावीसचा. मला एकदा त्याने विचारलं होतं, मॅडम, किवी सालासकट द्यायची की सोलून? मी म्हटलं, सोलून.

साडेचारला ती मुलगी गेली.

तो पहिल्यांदा ओरडला नाही. कपाटावरच्या पिशवीतून एकेक किवी काढून समोरच्या भिंतीवर मारत राहिला. भिंतीवर हिरवे डाग पडत होते. कोणी त्याला अडवलं नाही, कारण त्याचा चेहरा बघून जवळ जायची छाती होत नव्हती. मग जिन्यावरून पाच-सहा जण वर आले. नातेवाईक, मित्र, कोण होते कोण जाणे. कोणीतरी "खाल्लंत माझ्या बहिणीला!" असं ओरडलं, आणि तो राकेशच होता.

खुर्ची नर्सिंग स्टेशनच्या काचेतून आत गेली. निवासी डॉक्टर, चोवीस वर्षांचं पोरगं, त्याला स्टेथोस्कोप धरून खेचलं. तो गळ्याशी आवळला गेला तशी त्याची जीभ बाहेर आली. एकाने त्याच्या तोंडावर लाथ मारली. दात फुटल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. बाटल्या फुटत होत्या. एकाने सलाईनचा स्टँड उचलला, त्याला लागलेली नळी दुसऱ्याच पेशंटच्या हातात होती, सुई मांसासकट निघाली आणि तो पेशंट उठून बसला, त्याला काय झालं तेच कळेना. पेज भरवणाऱ्या आयाबाई वाडगा डोक्यावर धरून खाली बसल्या. लोक म्हणतात, असं सगळं एका क्षणात होतं. मला तसं वाटलं नाही. मला प्रत्येक गोष्ट वेगवेगळी दिसली आणि आजही वेगवेगळी दिसते.

मी जीव मुठीत धरून चादरींच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. त्या दाराला तळहातापेक्षा थोडी मोठी काच होती.

भारती सिस्टर जागची हलली नाही, असं मी नंतर लिहिलं. खोटं. ती पळाली. कोणीही पळेल तशी पळाली, आणि माझ्याच दिशेने पळाली. तिला मी आत शिरताना दिसले असणार. तिने दार ढकललं, मग दोन्ही तळहात काचेवर मारले. तिचा चेहरा काचेला लागून होता. "शुभा!" अशी हाक मला ऐकू आली की फक्त ओठ दिसले, ते आता सांगता येत नाही. कडी माझ्या बोटांत होती. वर उचलायची, डावीकडे सरकवायची, एवढंच काम. मी कडी धरून ठेवली. ती उघडू नये म्हणून धरून ठेवली. मग तिच्या मागून स्टँड आला आणि तिच्या डाव्या कानावर बसला. मारणारा राकेशच होता. ती काचेवरून खाली घसरली आणि मला तिच्यामागचा वॉर्ड दिसायला लागला.

पुढचं मी त्या काचेतून बघितलं. राकेशने औषधांच्या कपाटाच्या काचेवर मूठ मारली आणि हात ओढून घेताना मनगट चिरलं. रक्त उडालं, छताच्या पंख्याच्या दिशेने उडालं. ते बघितल्यावर त्याचे सगळे साथीदार पळाले, सगळे. तो भिंतीला टेकून बसला, आपल्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखं बघत. आणि मग दाराच्या पायथ्यापासून भारती पुढे सरकताना दिसली. रांगत. कानातून रक्त, मानेवर रक्त, पांढरा युनिफॉर्म खांद्यापर्यंत लाल. ती त्याच्यापर्यंत पोचली, त्याच्या दंडावर गुडघा रोवला आणि मनगटाच्या नसेवर अंगठा दाबला. खालून माणसं येईपर्यंत तो अंगठा तिने काढला नाही. तिचे ओठ सारखे हलत होते. खाली मंडपातला भोंगा, वॉर्डातला आरडाओरडा, मला शब्द एकही ऐकू येत नव्हता. मी ठरवून टाकलं की ती त्याला धीर देतेय.

पोलीस आले, स्ट्रेचर आले, तिला घेऊन गेले, तेव्हा मी कडी काढली. बाहेर आले आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर पडलेल्या चादरींच्या घड्या घालायला लागले. माझ्या पिवळ्या साडीवर एक थेंब नव्हता.

चौथ्या दिवशी अ‍ॅडमिनच्या साहेबांनी बोलावलं. डॉक्टर लोक काम बंद करायचं म्हणत होते. प्रत्येक मजल्यावर गार्ड हवा, भेटीच्या वेळी दोनच माणसं सोडा, अशा मागण्या. साहेब म्हणाले, "वातावरण फार गढूळ झालंय, राणे. दसऱ्याचा अंक आहे. सिस्टरवर काहीतरी छान द्या." भारती तेव्हा शुद्धीवर होती, पण डोकं बांधलेलं, कानाचं ऑपरेशन व्हायचं होतं. वाचून दाखवायला वर तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं, फक्त एक जिना. मी स्वतःला सांगितलं, तिला कशाला त्रास.

गोष्ट मी एका बैठकीत लिहिली. काच गाळली, कडी गाळली, तिचं पळणं गाळलं. स्टँडचा फटका एका शब्दात आटपला, 'जखमी'. शेवटचं वाक्य असं होतं: "मी त्याला त्याच क्षणी माफ केलं, तोही कोणाचा तरी भाऊच होता." लिहिताना मी ढसाढसा रडले आणि मला वाटलं, मी भारतीसाठी रडतेय. माफी मला हवी होती. त्याच्या नावावर मी ती स्वतःलाच देऊन टाकली, तिच्या सहीशिवाय.

सोमवारी माइकवरून वाचलं तेव्हा ओपीडीतले पेशंटसुद्धा डोळे पुसत होते. दात गेलेला तो डॉक्टर पट्टी बांधून मागे उभा होता, तो मध्येच निघून गेला. काम बंद बारगळलं. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईपुढे गार्ड मागायचा म्हणजे लाज वाटणार की नाही माणसाला? साहेबांनी माझी पाठ थोपटली. आणि मी ती थोपटून घेतली.

आठ महिन्यांनी एका दुपारी भारती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. कोळीवाड्यात लोक तिच्या आईला म्हणायचे, काय पोरगी तुझी, देवी आहे. भारतीला वाटायचं, अंगठा दाबला त्याचं कौतुक चाललंय. ती घरी रजेवर होती, अंक तिने पाहिलाच नव्हता. आता तिच्या हातात त्याच पानाची झेरॉक्स होती, त्यावर कोर्टाचा शिक्का. राकेशच्या वकिलाने तो अंक कोर्टात दिला होता. फिर्यादी बाईंनी जाहीरपणे माफ केलेलं आहे, हॉस्पिटलनेच ते छापलं आहे, तेव्हा हे प्रकरण मिटवावं.

"हे मी कधी बोलले गं?"

मी झेरॉक्सकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"शुभा, उजव्या बाजूने बोल. डावा कान गेलाय माझा."

मी उठून तिच्या उजव्या बाजूला गेले.

"मी काय बोलत होते ऐकायचंय? त्याचा हात धरून?" तिने आवाज कमी केला नाही, बाहेरच्या बाकावरचे लोक बघायला लागले. "मर रे मेल्या, मर. पन माझ्या वॉर्डात नको. खाली जाऊन मर. हेच बोलत होते. आईच्या बाजारातल्या जेवढ्या शिव्या ठाऊक होत्या तेवढ्या दिल्या. अंगठा सोडावासा वाटत होता मला. एकदा नाय, दहा वेळा."

"मग सोडला का नाहीस?"

"सोडायचा कसा? ड्युटी माझी होती." तिने झेरॉक्स टेबलावर आपटली. "बहीण गेली त्याची, ठीक आहे. कान माझा गेला. त्याला माफ करायचं की नाय ते माझं मी बघेन. तू कोण?"

ती गेली. तो कागद मी तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. मुकाट बसून राहिले असते तर काय झालं असतं? प्रकरण मिटलं असतं, हॉस्पिटलला तेच हवं होतं, सदर चालू राहिलं असतं, आणि भारतीच्या डोक्यावर बसलेला तो लोखंडी दांडा कागदोपत्री बसलाच नसता. वडिलांच्या डोक्यातली ती चेन अशीच तर नाहीशी झाली होती. चौथ्या दिवशी मी सरकारी वकिलांना जाऊन सांगितलं की ते वाक्य माझं आहे.

साहेब म्हणाले, "राणे, संस्थेच्या नावाचा विचार केलात?" मी म्हटलं, केला. खरं तर केला नव्हता. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, स्वतःवरच.

कोर्टात पंखा होता पण तो न्यायाधीशांच्या डोक्यावर. मी पिंजऱ्यात उभी, समोर राकेश, मनगटावर जाड गुलाबी वण. मागच्या बाकावर भारती, उजवा कान माझ्याकडे करून. त्याच्या वकिलाने मला सोलून काढली.

"म्हणजे बाई, तुम्ही पंधरा वर्षं माणुसकीच्या खोट्या गोष्टी लिहीत होता?"

"गोष्टी खऱ्या. शेवटची वाक्यं माझी."

"मग हात धरून ठेवला हेही तुमचंच वाक्य कशावरून नाही?"

"ते मी बघितलं."

"कुठून?"

"दाराच्या काचेतून."

"दार उघडं होतं?"

"नाही. आतून कडी होती. मी लावलेली." आणि मग त्याने विचारलं नव्हतं तेही मी सांगितलं. सिस्टर दारावर हात मारत होत्या, मला दिसत होत्या, मी उघडलं नाही, आणि याने त्यांना मारलं. हे सगळं मी राकेशकडे बघत सांगितलं, कारण मागच्या बाकाकडे बघायची हिंमत नव्हती. राकेशने मान खाली घातली. मी इतकी वाईट साक्षीदार ठरले की मला वाटलं सगळं फसलं. पण तो अंक न्यायाधीशांनी बाजूला ठेवला. प्रकरण मिटलं नाही. खटला अजून चालू आहे, तारखा पडतायत.

'ओंजळ' त्याच महिन्यात बंद झालं. मी तेव्हापासून नोटिसा काढते: पाणी येणार नाही, लिफ्ट बंद राहील. या नोटिसांमध्ये एक बरं असतं, त्यांत कोणाला काही वाटत नसतं. भारतीला वॉर्ड झेपेना, मागून कोणी आलं की ती दचकते. तिला तळघरात हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात बदली दिली. आम्ही बोलतो. कामाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो, तिच्या आईच्या मोतीबिंदूचं बोलतो. त्या दाराबद्दल कोर्टातल्या दिवसानंतर एक अक्षर नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात गेले. तिथे ऑक्टोबर नसतो, बाराही महिने वाफ असते. मोठाली यंत्रं सुस्कारे सोडत असतात, कात्र्या-चिमट्यांचे ट्रे कपड्यात बांधून रचलेले. भारती स्टुलावर बसून डबा उघडत होती. मी दुसरं स्टूल तिच्या उजव्या बाजूला ओढलं.

"एचआरची नवीन मुलगी सदर परत सुरू करायचं म्हणते," मी म्हटलं. "पहिली तुझी गोष्ट घालूया म्हणते."

"शिव्यांसकट घालनार?"

"मी लिहिली तर शिव्यांसकट. आणि कडीसकट."

"मग घाल." ती भाकरी मोडत म्हणाली. "साहेब छापतील तेव्हा बघू."

साहेब काय छापतात! आम्ही दोघी थोड्या हसलो. हसण्याने मला नको तेवढा धीर आला असावा. चार वर्षं जे जिभेवर यायचं आणि मी गिळायची, ते बाहेर पडलं.

"भारती, माफ केलंस?"

ती भाकरीच मोडत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, पण मी उजव्याच बाजूला होते.

"छापायला पायजे तुला?"

"नाही."

"नक्की?"

"आईशप्पथ."

"मग सांगते. त्याला केलं." तिने डब्याचं दुसरं झाकण उघडलं. "यंदाच. मागच्या तारखेला तो कोर्टाच्या बाहेर उभा होता, बहिणीचा फोटो बघत बसलेला मोबाइलमध्ये. तेव्हा केलं मनातल्या मनात. त्याला नाय सांगितलं. केस पन नाय सोडनार, वॉर्डात नव्या पोरी उभ्या राहतात, त्यांच्यासाठी ती चालली पायजे. पन केलं. त्याची बहीण गेली होती त्या दिवशी, डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं."

मी मान हलवली.

"तुझं कोण गेलं होतं?"

यंत्राने वाफ सोडली. तो आवाज संपेपर्यंत भारती थांबली, मग माझ्याकडे वळून नीट बघून म्हणाली, "तुला नाय केलं, शुभा. बघितलं करून, नाय होत."

मी उठायला लागले. तिने माझ्या मनगटाला धरून खाली बसवलं, डबा माझ्या पुढ्यात सरकवला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "कुठे चाललीस? जेव. बोंबील गार होतायत."

मी एक उचलला आणि खाल्ला.